सरांना ड्रॉइंग दाखवणं कधी थांबवायचं?

आरसीसी_बाई

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात घोळतंय, शेवटी धागा काढलाच.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. कोथरूडला छोटं ऑफिस आहे. बी.ई. झाल्यावर सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ सरांकडे लागले. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, आणि जिन्याचा दरवाजा इतका बुटका की नवा क्लायंट कपाळ चोळतच आत यायचा. सरांनी सुरुवातीला कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. स्लॅब भरायच्या आधी साइटवर जायचं, सळयांभोवतीच्या रिंगा मोजायच्या, त्यांच्या टोकाचा हूक ९० अंशात वाकवलाय की १३५ अंशात ते बघायचं. १९९३च्या भूकंपानंतर सर किल्लारीला जाऊन आले होते. तिथे काय पाहिलं ते फारसं सांगायचे नाहीत, पण हूक चुकला की काम थांबवायचे. बिल्डर कोण आहे ते बघायचे नाहीत. आज माझी मुलं साइटवर हूक बघतात ती या वळणामुळेच.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं, सरांच्या आशीर्वादानं. पण मोठं काम आलं की ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे जायची सवय राहिली. सर लाल पेन काढतात. "इथे माझं समाधान होत नाही, सळई वाढव." मी वाढवते. मग बिल्डर विचारतो की चौरस फुटाला इतकं किलो स्टील कुठल्या कलमाखाली? कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमपुस्तकात, उत्तर नसतं. उत्तर असतं, सर म्हणाले.

आता गाठ अशी पडलीय की सरांनीच ऐंशीच्या दशकात डिझाइन केलेली एक चार मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि तिथल्या टॉवरचं काम माझ्याकडे आलंय. मी लिफ्टच्या गाभ्याभोवती शियर वॉल, म्हणजे भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, धरल्यात. सरांचं मत, इतक्या भिंती कशाला, कॉलम मोठे कर. या उंचीला ते पटणारं नाही हे मला गणितानं माहीत आहे. सरांना तोंडावर सांगता येत नाही.

तुम्ही पहिल्या गुरूच्या हाताखालून कसे बाहेर पडलात? नातं न तोडता?

चहाटळ

पहिला! आता वाचतो.

कुजकट_काका

कोथरूडमध्ये आणखी एक टॉवर. पाणी कुठून आणणार तेवढं सरांना विचारून ठेवा.

हिंजवडी_फेज_तीन

बाई, तुमचं दुःख श्रीमंतांचं आहे हो. आमच्याकडे कंपनी मेंटॉर नेमून देते. महिन्यातून एकदा अर्धा तास, तोही कॅलेंडरवर पुढे ढकललेला. माझ्या नेमलेल्या मेंटॉरनं मला दिलेला एकमेव सल्ला म्हणजे हिंजवडीतून साडेचारच्या आत निघत जा. तो मात्र सोन्यासारखा आहे.

खरं शिकवलं ते पहिल्या टीमच्या लीडनं. रात्री चालणारं बॅचचं काम मध्येच बंद पडलं की स्वतः फोनवर बसून लॉग कसा वाचायचा ते दाखवायचे. गंमत म्हणजे आता ते माझ्या टीममध्ये आहेत. कंपनी बदलली, पदं बदलली, आणि मार्चमध्ये त्यांचं अप्रेझल मी लिहितो. "संवादकौशल्य : सुधारणेला वाव" असा एक रकाना भरावा लागतो. तिथे माझा हात थिजतो. त्यांना काहीच वाटत नाही. म्हणतात, "लिही रे, रेटिंग तेवढं सांभाळ."

सदाफुली

@आरसीसी_बाई, एक विचारू? सर तुम्हाला ड्रॉइंग आणायला सांगतात, की तुम्ही आपणहून नेता?

आरसीसी_बाई

@सदाफुली, आपणहून. सरांनी कधी सांगितलं नाही. पण नेलं नाही तर "बऱ्याच दिवसांत आली नाहीस" असा फोन येतो.

सदाफुली

मग फोन तुमच्यासाठी आहे, ड्रॉइंगसाठी नाही. चिवडा घेऊन जा, रोल घरी ठेवा.

डेबिट_क्रेडिट

सीए आहे, त्यामुळे आमच्या व्यवसायातली रीत सांगतो. सध्याच्या नियमानं आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडची उमेदवारी, २ वर्षांची आहे, २०२३च्या आधी ३ वर्षांची होती. त्या काळात मुख्य सर जे बोलतील ती पूर्वदिशा. कोर्टाच्या तारखेपासून त्यांच्या घरच्या लाइटबिलापर्यंत सगळं करतो आपण. पण पुढे त्याच सरांचा क्लायंट तुमच्याकडे यायला निघाला, तर काय करायचं हे कायद्यातच लिहून ठेवलंय. १९४९च्या सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं कलम ८ म्हणतं की आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय ते ऑडिट स्वीकारायचं नाही. स्वीकारलं तर गैरवर्तन.

मी बाहेर पडल्यावर एक जुना कारखानदार माझ्यामागे आला. सरांना पत्र लिहिलं, अगदी ठरलेल्या नमुन्यातलं, "आपली काही व्यावसायिक हरकत असल्यास कळवावे". रजिस्टर पोस्टानं पाठवलं, कारण पोच लागते. सरांचं ऑफिस माझ्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर. पोस्टमन आधी वर आला, मग खाली गेला. संध्याकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा सर म्हणाले, "मिळालं. हरकत नाही. त्याची दोन वर्षांची फी येणं आहे, तेवढी मागून दे." मागून दिली. त्यांच्या नातवाच्या मुंजीला पहिल्या पंक्तीत होतो.

सांगायचं इतकंच की भिडेपोटी जे बोलता येत नाही ते कधी कधी ठरावीक नमुन्याचा कागद बोलतो. तुमच्याकडे असा काही कागद आहे का?

काळा_कोट

वकिलीत तोच प्रकार. दुसऱ्याचं वकालतपत्र दाखल असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय उभं राहायचं नाही, बार कौन्सिलचाच नियम आहे. संमती नाहीच मिळाली तर कोर्टाची परवानगी घ्यायची.

पण खरी मजा सीनिअरच्या विरुद्ध उभं राहण्यात. शिवाजीनगर कोर्टात माझ्यावर ती वेळ आली. ज्यांच्या फायली उचलून उमेदवारी केली तेच समोर. आदल्या रात्री झोप नाही. मी युक्तिवाद करतोय आणि सर शांतपणे टिपणं काढतायत. कॅन्टीनमध्ये तो कागद माझ्यासमोर ठेवला. माझ्या युक्तिवादात तीन ठिकाणी रेघ मारली होती. म्हणाले, "हे मुद्दे पुढच्या तारखेला नीट घे, आज वाया घालवलेस." समोरच्या पक्षाचे वकील हो!

कुजकट_काका

त्यांच्या अशिलाला सांगितलंत का हे?

काळा_कोट

काका, प्रकरण अजून प्रलंबित आहे. गप्प बसा.

भोसरीचा_फिटर

मी शिकलेला कमी, आयटीआय. तरी लिहितो.

टूलरूमला लागलो तेव्हा उस्ताद होते आमचे, मिरजेकडचे. पहिल्यांदा हातात कानस दिली आणि लोखंडाचा चौकोनी ठोकळा. काटकोनात आण म्हणाले. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फट दिसली की परत. बोटं सोलून निघायची. मग निळा रंग लावून डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन बाजू जुळवायच्या. निळं कुठं लागतं, कुठं लागत नाही, त्यावरून कुठं घासायचं ते कळतं. हे शिकलं की मशीन काय चुकतंय ते नुसत्या हातानं समजतं.

आता माझं शेड आहे, दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशीनं. उस्तादांना प्रोग्रॅम येत नाही. शिकायचा प्रयत्न केला, नाही जमला, सोडून दिला. कामाच्या दिवशी आले तर ऑपरेटर पोरांना राग येतो. म्हातारा मागं उभा राहून बघतो, स्पीड कमी कर म्हणतो. कार्बाइडच्या टूलला तो स्पीड लागतो हे त्यांना पटत नाही.

मग मी गुरुवारी बोलवायला लागलो. गुरुवारी भोसरीत एमआयडीसीची सुट्टी असते, शेड बंद. आम्ही दोघंच. एखादी आठवड्यात बिघडलेली डाय बाकावर काढून ठेवतो. ते भिंग लावून बघतात आणि सांगतात, इथं चिप अडकली, इथं घाईत पॉलिश केलंय. शंभरातलं नव्वद बरोबर. स्पीडचा विषय निघत नाही, कारण मशीन बंद असतं.

चहाटळ

फिटरदादा, दंडवत. यावर मी काही चहाटळपणा करत नाही.

स्वयंभू

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून उलटं लिहितो. माझ्या पहिल्या साहेबांनी मला घडवलं हे खरं. त्याची किंमतही पुरेपूर वसूल केली हे जास्त खरं. माझी डिझाइनं त्यांच्या नावानं गेली. राजीनामा दिला तर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाहीस असं सही करून दिलंय, कोर्टात खेचीन, अशी धमकी. नंतर वकिलानं सांगितलं की नोकरी सोडल्यावर असा धंदाबंदीचा करार आपल्याकडे टिकत नाही, १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. तोवर मी सहा महिने घाबरून घरी बसलो होतो.

गुरुपौर्णिमेला ग्रुपवर त्यांच्या पायांचे फोटो येतात. मी ग्रुप सोडलाय. नातं तोडणं हाही एक पर्याय असतो आणि त्यात पाप नाही.

काळा_कोट

@स्वयंभू, वकील बरोबर बोलला. फक्त गोपनीय माहिती आणि ग्राहकयादी पळवणं हा वेगळा विषय, तिथे कलम २७ तुम्हाला वाचवत नाही. नोकरी चालू असतानाची बंधनंही टिकतात. बाकी धमकी ती धमकीच.

तानपुरा

गाण्यातलं उदाहरण आठवलं. कुमार गंधर्व देवधर मास्तरांकडे शिकले. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, पण घराण्यांच्या भिंती न मानता वेगवेगळ्या गवयांकडून बंदिशी गोळा करणारे. अशा गुरूचा शिष्य स्वतःच्या वाटेनं गेला तर नवल नाही, गुरूनंच दार उघडं ठेवलेलं. उलट भीमसेनजी. गायकी सवाई गंधर्वांकडून घेतली, पण ऐकणाऱ्याला पहिल्या आलापात कळतं की हे भीमसेन आहेत. आणि १९५२ला गुरू गेल्यावर पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला, तो भीमसेनजींनी आयुष्यभर सांभाळला. गुरूसारखं न गाताही गुरूचं नाव वागवता येतं.

पर्वती_पायथा

सवाईला हल्ली गाण्यापेक्षा बाहेरच्या स्टॉलवर गर्दी जास्त असते.

तानपुरा

स्टॉलवर गर्दी पूर्वीही असायची. तुम्ही तेव्हा आत बसत होतात एवढंच.

आयुका_फॅन

उलट टोकाचं उदाहरण पुण्यातलंच देतो, जयंत नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली पीएचडी केली. विश्वाला सुरुवात होती हे हॉईलना मान्य नव्हतं. जग महास्फोटाच्या बाजूनं गेलं तरी नारळीकर त्यांच्यासोबत राहिले. १९९३मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्याच विचाराची सुधारित आवृत्ती मांडली. म्हणजे गुरूच्या पुढे गेलेच नाहीत असं म्हणता येईल. पण १९८८ला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथे पुढे पद्मनाभन यांच्यासारखे महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे लोक होते, आणि जोरात काम करत होते. स्वतःची निष्ठा स्वतःपुरती ठेवली, संस्थेवर लादली नाही. बाई, तुमच्या ऑफिसातल्या मुलांना सरांचं लाल पेन लागू आहे का, हा प्रश्न मला यातून पडतो.

इतिहासप्रेमी

गोखले आणि गांधी विसरलात. पुण्यात बसून! गांधी त्यांना राजकीय गुरू मानत. १९१५च्या जानेवारीत ते भारतात परतले, गोखल्यांनी सांगितलं की वर्षभर देश फिर, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नकोस. फेब्रुवारीत गोखले गेले. गांधींनी शब्द पाळला. पण भारत सेवक समाजात त्यांना घ्यावं की नाही यावर सभासदांत दोन तट पडले, तेव्हा अर्ज स्वतःच मागे घेतला. गुरूचा सल्ला पाळला, गुरूच्या संस्थेत नाही गेले. पुढचं राजकारण तर गोखल्यांच्या रीतीचं राहिलंच नाही.

पर्वती_पायथा

टिळक असते तर...

संचालक

टिळक-गोखले वादासाठी आधीचे सात धागे आहेत. तिकडे जावे. इथे मूळ विषय.

निवृत्त_पण_जागा

मी दुसऱ्या बाजूचा. चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्याच्या डिझाइन विभागातून निवृत्त झालो. हाताखालून बरीच मुलं गेली, काही माझ्या कितीतरी पुढे गेली.

मुलगा पुढे गेला याचं आम्हाला वाईट वाटतं हा गैरसमज आहे. थोडं वाटतं, नाही असं नाही. पण ते दोन-चार दिवसांचं. झोंबतं ते वेगळंच. माझा एक अगदी लाडका इंजिनिअर. मी बसवलेली एक पद्धत त्यानं मोडून नवी आणली, आणि मला ते कळलं एका लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्याकडून. तोवर तो दर दिवाळीला घरी येऊन पाया पडत होता आणि "काय चाललंय" म्हटलं की "तुमचीच कृपा" म्हणत होता. नवी पद्धत चांगली होती हो. मला समजावून सांगितली असती तर दोन सुधारणाही सुचवल्या असत्या. मला गोंजारायचं म्हातारं माणूस समजला तो.

बाई, शियर वॉलबद्दल तुमच्या सरांना बिल्डरकडून कळायच्या आत तुमच्याकडून कळू द्या. आणि विचारायला जाऊ नका, सांगायला जा. तुम्ही आजवर सल्ला मागत नव्हतात, परवानगी मागत होतात. ती द्यायचा अधिकार त्यांना आता उरलेला नाही, आणि अनुभवी माणसाला ते तुमच्या आधी कळलेलं असतं.

डेबिट_क्रेडिट

@निवृत्त_पण_जागा +१. शिवाय महापालिकेत जो स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला जाईल त्यावर सही कोणाची? बाईंची. उद्या काही झालं तर लाल पेनाला नोटीस येत नाही.

वाळूचाळ

मी पण स्ट्रक्चरलमध्येच. दोन गोष्टी.

एक, सरांची पिढी वर्किंग स्ट्रेस या जुन्या हिशोबपद्धतीवर वाढली. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडच्या २०००च्या आवृत्तीत ती पद्धत परिशिष्टात गेली, मुख्य कोड लिमिट स्टेट या नव्या पद्धतीचा. त्यामुळे "समाधान होत नाही" म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यातला जुना आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही. दरवेळी सळई वाढवणं हा त्यावर उपाय नाही. उलट बीममध्ये गरजेपेक्षा जास्त सळई टाकली तर भूकंपात बीमच्या आधी कॉलम मोडण्याची भीती. आपल्याला बरोबर उलटं हवं असतं. हे सरांना त्यांच्याच भाषेत, किल्लारीच्या भाषेत सांगता येईल.

दोन, सरांचं सगळंच टाकू नका. माझ्या गुरुजींनी एकदा फ्लोटिंग कॉलमवर, म्हणजे पायापर्यंत न जाता बीमवरच उभ्या कॉलमवर, फुली मारली, मी मनातून वैतागलो. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६च्या आवृत्तीत मुख्य भूकंपरोधक चौकटीत तो चालतच नाही. पार्किंगसाठी आर्किटेक्ट अजूनही मागतात, तेव्हा मी गुरुजींसारखीच फुली मारतो.

स्वयंभू

@वाळूचाळ, म्हणजे शेवटी गुरुजी थोरच. ठरलेलं आहे तुमचं सगळ्यांचं.

वाळूचाळ

थोर नाहीत. त्या एका कॉलमबाबत बरोबर होते. लॅपिंगबाबत चूक होते, तेही त्यांना सांगून झालंय.

हिंजवडी_फेज_तीन

लॅपिंग म्हणजे काय ते नका सांगू. आम्ही बिचारे सॉफ्टवेअरवाले.

आरसीसी_बाई

सर्वांचे आभार. @आयुका_फॅन, तुमचा प्रश्न लागला. माझ्याकडची एक मुलगी खरंच म्हणते, "मॅडम, हे आपलं डिझाइन की सदाशिव पेठेचं?"

काल जाऊन आले. चिवडा नेला, रोल नेला नाही. सांगायला आलेय असं आधीच म्हटलं. शियर वॉल ठेवतेय, कारण अमुक, आणि बीमची सळई वाढवणार नाही, कारण तमुक. सर ऐकून घेत होते. "बरं" म्हणाले. मग गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला. मी घरी येईपर्यंत पोटात गोळा.

आज सकाळी त्यांचा माणूस ऑफिसात एक नळकांडं देऊन गेला. आत जुन्या सोसायटीची मूळ ट्रेसिंग्ज, पिवळी पडलेली, आणि पायाच्या वेळचे हातानं लिहिलेले तपशील. कुठल्या खड्ड्यात किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर खडक. उत्तरेच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं गोल, "येथे बुजवलेली विहीर". ही विहीर सोसायटीतल्या एकाही माणसाला माहीत नाही. शियर वॉलबद्दल एक अक्षर नाही. रागावलेत की नाही, कळायला मार्ग नाही.

निवृत्त_पण_जागा

रागावलेत. दिवाळीपर्यंत उतरेल. ट्रेसिंग्ज मात्र रागावलेला माणूस पाठवत नाही, कामाची काळजी असलेला पाठवतो. दोन्ही एकाच वेळी असतं.

वाळूचाळ

विहीर! जमीन तपासायचे बोअर कुठे घेतलेत? जिओटेकवाल्याला, म्हणजे मातीपरीक्षणवाल्याला, तो कोपरा सांगा आजच. भरावावर कॉलमचा पाया आला तर पुढे खचणार.

आरसीसी_बाई

आधीच्या बोअरमधला एकही तिथे नव्हता. नवा सांगितलाय, नेमका त्या वर्तुळात. सरांना रिपोर्ट पाठवीन. विहिरीबद्दल त्यांचं मत मला खरोखर हवं आहे.

डेबिट_क्रेडिट

मग ते मत लेखी घ्या आणि रीतसर फी द्या. सल्लागार म्हणून त्यांचं नाव कागदावर येईल, लाल पेनाची हद्दही ठरेल. टीडीएस १० टक्के कापायला विसरू नका.

आरसीसी_बाई

सरांना टीडीएस कापून फी? तुम्ही येता का माझ्याबरोबर सांगायला?

डेबिट_क्रेडिट

मी पत्राचा नमुना पाठवतो. रजिस्टर पोस्टानं.

नवखी_संशोधक

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. पीएचडी होऊन वर्ष झालं. माझ्या गाइडना वाटतं की मी अजूनही प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव घालावं, त्यात त्यांचं काम नसलं तरी. हे याच धाग्यात विचारलं तर चालेल का?

स्वयंभू

नाव घालू नका. उत्तर संपलं.

संचालक

@नवखी_संशोधक, स्वागत. नवा धागा काढा, हा विषय मोठा आहे. @स्वयंभू, तिकडेही जरा सविस्तर लिहा.